अंगणातला फणस पडलाय, वखारीला द्यायचा की जागेवरच चिरायचा?

पडवीतला

नमस्कार मंडळी, इथे सुतारकाम आणि बागकाम करणारे बरेच जण आहेत म्हणून विचारतोय. दापोली तालुक्यात आमचं जुनं घर आहे, मागच्या अंगणात आजोबांच्या वेळचा बरका फणस होता. निसर्ग वादळात (जून २०२०) आमची निम्मी कलमं आडवी झाली तेव्हा हा टिकला होता, पण मुळं तेव्हाच हलली असणार, कारण यंदा वळवाच्या पावसात साधासा वारा आला आणि हा मुळासकट गोठ्याच्या कडेला झोपला. गोठा बरीच वर्षं रिकामाच आहे, चार कौलं फुटली तेवढंच.

बुंध्याला घेर साधारण ७२ इंच, सरळ खोड ८ फूट, त्याच्यावर बेचका. गावातला एक जण येऊन जळाऊच्या भावाने मागून गेला, म्हणे आतून पोकळ असणार. मी कुऱ्हाडीने थोडं उकरून बघितलं तर आत पिवळंधमक.

मला त्यातून जेवणाचं टेबल, पडवीत एक बाक आणि जमले तर पाट करायचेत. चेनसॉला (साखळीच्या मशीन करवतीला) फ्रेम लावून ओंडका जागेवरच उभा चिरतात ते व्हिडिओ बघितलेत. इकडे कोणी खरंच केलंय का? की सरळ वखारीत (लाकूड चिरायच्या गिरणीत) न्यावा? काका म्हणतायत की आमच्या लहानपणी करवतीवाले घरी यायचे, एक वर एक खाली, आठवडाभर खड्ड्यात उभे राहून फळ्या पाडून जायचे. ते तर आता कोणी उरलेलं नाही.

खटपट्या

आधी त्या जळाऊवाल्याला चहा पाजून परत पाठवा.

हिशोब बघा. लाकडाच्या धंद्यात ओंडका मोजतात तो घेराच्या चौथाईने. घेर भागिले ४, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. तुमचा ७२ भागिले ४ म्हणजे १८, वर्ग ३२४, गुणिले ८ फूट, भागिले १४४, झाले १८ घनफूट. आता गंमत अशी की गोल ओंडक्याचं खरं घनफळ काढलंत तर ते जवळपास २३ घनफूट येतं. म्हणजे २० टक्क्यांच्या वर लाकूड मापातच गायब, साल आणि कडेचा टाकाऊ भाग धरून ही जुनी पद्धत पडलीय. विकणाऱ्याला हे माहीत नसतं, घेणाऱ्याला पक्कं माहीत असतं. वर जळाऊचा भाव म्हणजे कमालच.

फणसाचा गाभा फर्निचरसाठी सागवानाच्या खालोखाल धरतात आमच्याकडे. जुन्या देवळांचे खांब, घरातले पाट, विळीचा पाट, सगळं फणसाचंच असायचं.

माडाचीवाडी

फणसाच्या गाभ्याक वाळवी लागणा नाय. जाळूक दिलास तर आजोबा रातचे सपनात येतले :)

ऐनकिंजळ

मी वनखात्यात नोकरी केलेली आहे, आता निवृत्त. सगळे लाकडाबद्दल बोलतायत पण कागदाबद्दल कोणी बोलत नाहीये.

फणस हे अनुसूचीतलं झाड आहे. १९६४ च्या झाडतोडीच्या कायद्याला जी यादी जोडलेली आहे त्यात साग, खैर, चंदन, ऐन, किंजळ, हिरडा यांच्याबरोबर आंबा, फणस, चिंच, जांभूळ ही घरची वाटणारी झाडंसुद्धा येतात. लोकांना वाटतं माझ्या सातबाऱ्यातलं झाड, मला कोण विचारणार. विचारतात. तुमचं झाड वाऱ्याने पडलंय ही जमेची बाजू, कारण मेलेल्या, रोगट किंवा वाऱ्याने पडलेल्या झाडाला परवानगी नाकारू नये असं कायद्यातच आहे. तेव्हा झाडाला हात लावायच्या आधी मुळं वर आलेली दिसतील असे फोटो काढा, तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या आणि वनपरिक्षेत्र कार्यालयात अर्ज टाका.

वखारीत न्यायचं तर ओंडक्यावर वनखात्याच्या हातोड्याचा शिक्का आणि वाहतूक पास लागेल. वखारवाले कागदाशिवाय ओंडका आत घेत नाहीत त्यालाही कारण आहे. १२ डिसेंबर १९९६ ला जंगलतोडीच्या गोदावर्मन प्रकरणात सुप्रीम कोर्टाचा आदेश आला तेव्हापासून सॉ मिलच्या, म्हणजे वखारींच्या, परवान्यांवर फार कडक नजर आहे, एका फणसासाठी कोण परवाना धोक्यात घालेल. जागेवर चिरून घरातच वापरलंत तर वाहतुकीचा प्रश्नच येत नाही. पण नंतर फळ्या पुण्या-मुंबईला न्यायच्या असतील तर पास काढूनच टेम्पोत टाका, चेकपोस्टवर 'आमच्याच अंगणातला आहे हो' हे कोणी ऐकून घेत नाही. आणि आपल्या ओंडक्यापुरतं चेनसॉने चिरणं वेगळं, गावभर लोकांचे ओंडके पैसे घेऊन चिरायला लागलात तर ती सॉ मिलच्या दिशेने जाणारी गोष्ट होते. ते आधी कार्यालयात विचारून घ्या.

पडवीतला

ऐनकिंजळ काका, फार आभार. हे डोक्यातच नव्हतं. उद्याच तलाठ्यांकडे जातो.

रंधापटाशी

चेनसॉ मिलबद्दल मी सांगू शकतो, आमच्याकडे आंबा, शिवण, रेन ट्री असं बरंच चिरून झालंय.

तुमच्या ओंडक्याचा व्यास ७२ भागिले ३.१४ म्हणजे २३ इंच. मिलची फ्रेम बारच्या (चेन ज्यावर फिरते त्या पट्टीच्या) दोन्ही टोकांना पकडते त्यात ४-५ इंच जातात, म्हणजे २८-३० इंची बार पाहिजे. एवढा बार ओढायला मशीन कमीत कमी ७० सीसी, खरं म्हणजे ९० सीसीचं हवं. नारळाच्या झावळ्या आणि फांद्या तोडायला लोक ५० सीसीचं घेतात ते यात घालू नका, दोन स्लॅबमध्ये (जाड फळ्यांमध्ये) पिस्टन गेलं समजा. आडवं तोडताना मशीनला मधेमधे श्वास मिळतो, उभं चिरताना ते पाच-सात मिनिटं सलग फुल थ्रॉटलवर असतं. म्हणून प्रत्येक चिरीनंतर लगेच बंद करायचं नाही, मिनिटभर आयडलवर ठेवून थंड होऊ द्यायचं. तेल पेट्रोलचं प्रमाण कंपनी सांगेल तेच, ५०:१ असेल तर लिटरला २० मिली, अंदाजपंचे ओतायचं नाही.

चेन पण वेगळी लागते. नेहमीच्या चेनचे दात ३० अंशाच्या आसपास घासलेले असतात, लाकडाच्या रेषेला आडवं कापायला. रेषेच्या बाजूने चिरायला १० अंशाची रिपिंग चेन घ्या, चीर गुळगुळीत येते आणि मशीनवर ताणही कमी. मिळाली नाही तर साधी चेन कानस मारून १० वर आणता येते, फक्त सगळे दात सारखे पाहिजेत नाहीतर बार एका बाजूला पळतो.

पहिली चीर सगळ्यात महत्त्वाची कारण पुढच्या सगळ्या तिच्यावर टेकून जातात. ओंडक्याच्या पाठीवर अ‍ॅल्युमिनियमची सरळ शिडी स्क्रूने बसवायची, दोन्ही टोकांना पाणसळ लावून बघायची, आणि मग मिल त्या शिडीवरून सरकवायची. स्क्रू किती खोल जातायत ते मोजा, चिरीच्या पातळीपर्यंत पोचले तर चेन त्यांच्यावरच जाणार. ओंडक्याचं एक टोक वीतभर उंच ठेवा म्हणजे उताराच्या दिशेने ढकलायला सोपं जातं, कंबर दुवा देईल. चीर हात-दीड हात पुढे गेली की मागे लाकडी पाचरी ठोकत जायचं, लोखंडी नाही.

एक सांगून ठेवतो, भुसा फार जातो. चेनची चीर ८-९ मिमी, बँडसॉची (वखारीतल्या पट्टीच्या करवतीची) २-३ मिमी. तुमच्या ओंडक्यातून सव्वादोन इंची आठ-नऊ स्लॅब काढलेत तर जवळजवळ ३ इंच लाकूड नुसता भुसा होणार. पण हिरवा ओंडका अर्ध्या टनाच्या वर असतो, तो त्या अंगणातून उचलून ट्रॉलीत चढवणं आणि वखारीपर्यंत नेणं याच्यापुढे तो भुसा परवडला असं माझं मत.

आणि फणस म्हणजे चीक! चेन, बार, स्प्रॉकेट सगळं चिकटतं. रॉकेल किंवा डिझेलचं फडकं जवळ ठेवा. हाताला खोबरेल.

अभि_कोथरूड

सही धागा आहे! माझं ऐका, त्यातले दोन स्लॅब मला द्या, मस्त निळं इपॉक्सी (ओतल्यावर घट्ट होणारं रेझिन) ओतून मधून नदी वाहतेय असं दिसणारं रिव्हर टेबल करू, पुण्यात तुफान चालतंय.

सुरंगी

नको रे बाबा! फणसाचं लाकूड कापल्यावर पिवळं असतं आणि उजेडात हळूहळू तांबूस तपकिरी होत जातं, त्याच्या शेजारी निळं प्लास्टिक कायम तसंच निळं. दहा वर्षांनी कोणाला बघवणार आहे का ते. असो, ज्याची त्याची आवड. पण ओल्या लाकडावर इपॉक्सी धरतच नाही, त्यामुळे अभि तुला दोन वर्षं तरी थांबावं लागेल.

पडवीतला, मी पुण्यात हौसेखातर फर्निचर करते, बहुतेक लाकूड कोकणातूनच येतं. सगळ्यांना चिरण्याचं आकर्षण असतं, व्हिडिओ तिथेच संपतो. माझ्या मते चिरणं हा यातला सोपा भाग आहे, टेबल होणार की चुलीत जाणार हे ठरतं वाळवण्यात.

चिरायच्या आधीच ओंडक्याच्या दोन्ही तोंडांना जाड ऑईल पेंट किंवा वितळवलेलं मेण फासा, आज शक्य असेल तर आजच. लाकूड तोंडाकडून फार भराभर सुकतं आणि तिथूनच तडकत आत जातं. खोडाच्या मधोमध असलेल्या नळीतून जाणारा स्लॅब हमखास फाटतो, तो टेबलासाठी धरूच नका, मधून उभा चिरून दोन अरुंद फळ्या करा, बाकाचे पाय होतील. साल काढून टाका, किडे सालीखालीच घर करतात.

रचताना खाली जांभ्याचे चिरे लावून जमिनीपासून फूटभर उंची घ्या. प्रत्येक दोन स्लॅबच्या मध्ये इंचभर जाडीच्या कोरड्या पट्ट्या, दीड-दीड फुटावर, आणि या पट्ट्या वरपासून खालपर्यंत एका ओळंब्यात आल्या पाहिजेत. एक पट्टी इकडे एक तिकडे झाली की स्लॅब त्या मापाने वाकतो आणि मग तो सरळ करायला निम्मी जाडी रंध्याखाली जाते. ओल्या बांबूच्या कामट्या वापरू नका, डाग पडतात. सगळ्यात वर पुन्हा चिऱ्यांचं वजन, चांगलं भरपूर. ऊन नको, वारा हवा. तुमचा रिकामा गोठा मला तर स्वर्ग वाटतोय.

पावसाळ्यात कोकणात लाकूड वाळतच नाही, उलट बुरशी येते. जून ते सप्टेंबर जमलं तर एक साधा पंखा सोडून ठेवा ढिगावर.

पडवीतला

सुरंगीताई, मॉइश्चर मीटर (लाकडातली ओल मोजायचा) घ्यावाच लागेल का? आणि दोन इंचाला किती दिवस धरायचे?

सुरंगी

पुस्तकात इंचाला एक वर्ष म्हणतात, ते थंड देशांतलं आहे, आपल्याकडे उन्हाळ्यात लवकर वाळतं. पण आपल्याकडे चार महिने पावसात फुकट जातात, त्यामुळे दोन इंची स्लॅबला दोन उन्हाळे पूर्ण जाऊ द्या एवढंच मी सांगेन.

मीटर नसला तरी चालतं. ढिगातली एक लहान फळी खूण करून ठेवा आणि महिन्यातून एकदा वजनकाट्यावर टाका, कोरड्या दिवसांत वजन उतरायचं थांबलं की ती तिथल्या हवेशी जुळली. फक्त 'तिथल्या' हे लक्षात ठेवा. दापोलीत जुळलेलं लाकूड पुण्याच्या एप्रिलमध्ये परत आकसतं. टेबल पुण्यात राहणार असेल तर स्लॅब दोन-तीन महिने पुण्याच्या त्याच खोलीत, भिंतीपासून सुटे उभे ठेवून मगच कामाला घ्या. २० इंच रुंदीत डोळ्याला दिसेल इतका फरक सहज पडतो, आणि वार्षिक वलयांच्या दिशेने आकसणं वलयांना आडव्या दिशेच्या जवळपास दुप्पट असतं म्हणूनच फळी पन्हाळीसारखी वळते.

ओहायोकर

इकडून थोडी भर. अमेरिकेत हा उद्योग घरोघरी आहे कारण ट्रेलरवरची बँडसॉ मिल घेऊन माणूस तुमच्या अंगणात येतो, वुडमायझर कंपनीची वगैरे, तासावर किंवा लाकडाच्या मापावर पैसे. २००२ मध्ये डेट्रॉइटजवळ एमराल्ड अ‍ॅश बोरर हा किडा सापडला आणि त्यानंतर आमच्या भागातली अ‍ॅशची झाडं गल्लीच्या गल्ली मेली, नगरपालिका तोडून चिप्स करायच्या, तेव्हा बऱ्याच जणांनी ते ओंडके चिरून घ्यायला सुरुवात केली. आमचं डायनिंग टेबल शेजाऱ्याच्या मेलेल्या अ‍ॅशचंच आहे.

एक सल्ला, मेटल डिटेक्टर. घराजवळच्या झाडात लोखंड असतंच असतं. इथले मिलवाले अंगणातलं झाड म्हटलं की आधी डिटेक्टर फिरवतात आणि ब्लेड तुटलं तर तुमच्या बिलात लावतात.

खटपट्या

अगदी. कपडे वाळत घालायची तार, गुरं बांधायची कडी, गणपतीत माळ सोडायला मारलेले खिळे. वखारवाला घराजवळचं झाड घ्यायला कुरकुरतो ते याच्यासाठीच.

पडवीतला

मंडळी, अपडेट! पंचनामा आणि परवानगी झाली, थोड्या चकरा पडल्या पण काम झालं. चिपळूणकडचा एक मुलगा मिळाला ९० सीसी मशीन आणि फ्रेमवाला, तो आणि त्याचा भाऊ दोघे आले होते. पावसाच्या आत उरकलं.

ओहायोकर, तुमचं म्हणणं खरं ठरलं. डिटेक्टर कुठून आणणार, पण चौथा स्लॅब उचलला तर कडेला निळाकाळा डाग, साधारण तळहाताएवढा, आणि वरच्या बाजूला रेषेबरोबर लांब पसरत गेलेला. तो मुलगा लगेच म्हणाला, दादा याच्या खाली लोखंड आहे, पुढची चीर इथून नको. पटाशीने कोरलं तर आत जवळजवळ चार इंच खोलवर गुरांच्या कडीचा अख्खा आकडा निघाला, त्याच्यावर झाड वाढत जाऊन बाहेर काहीच खूण नव्हती. काका म्हणाले ही कपिलेची कडी, ती गाय मी पाहिलेलीसुद्धा नाही. आकडा काढून ठेवलाय, चेन वाचली.

पोकळ वगैरे काही नव्हतं. आठ स्लॅब निघाले, त्यातला एक नळीतला फाडून फळ्या केल्या. बेचक्याचा भाग त्याने वेगळा उभा चिरला, त्यात जी पिसाऱ्यासारखी नक्षी आलीय ती फोटोत दिसतच नाहीये. गोठ्यात सुरंगीताईंनी सांगितलं तसं रचलंय, वर चिरे.

आता दोन शंका. कडेचा जो पांढरा भाग आहे त्यावर बारीक पिठासारखा भुसा दिसतोय एका ठिकाणी. आणि गाभा न् पांढरं लाकूड दोन्ही टेबलात ठेवायचं का?

रंधापटाशी

तो भुंगा आहे, पांढऱ्या लाकडातल्या स्टार्चवर जगतो, गाभ्यात शक्यतो जात नाही. आत्ताच सोय करा. बोरॅक्स ६० ग्रॅम आणि बोरिक अ‍ॅसिड ४० ग्रॅम लिटरभर गरम पाण्यात विरघळवून ब्रशने दोन-तीन हात, लाकूड ओलं असतानाच लावायचं, ओल्यात ते आत झिरपत जातं, सुकल्यावर नुसतं वर राहतं. हातमोजे घाला, पोरं आणि कुत्री-मांजरं लांब ठेवा. हे पावसात धुऊन जातं त्यामुळे घरातल्या वस्तूंनाच उपयोगी. आणि ज्या फळ्यांचे पाट, पोळपाट करणार त्यांना अजिबात लावू नका, त्यांचा पांढरा भाग सरळ कापून टाका.

सुरंगी

कडी मिळाली हे वाचून मजा वाटली. तो निळा डाग घालवायला जाऊ नका, लाकडातल्या टॅनिनची (तुरट द्रव्याची) आणि लोखंडाची जोडी आहे ती, रंध्याने जाणार नाही. टेबलाला तोच स्लॅब घ्या की! भोकात फणसाचाच तुकडा बसवा.

पांढऱ्या कडेबद्दल, मी टेबलात ठेवत नाही. दिसायला छान दिसतं पण भुंग्याची कायमची धास्ती. बाकाला ठेवायचं तर ठेवा.

अभि_कोथरूड

मग इपॉक्सी नाहीच का :( बरं, सपाट कसं करणार ते तरी सांगा, एवढा रुंद स्लॅब कुठल्या प्लेनरमध्ये (रंध्याच्या मशीनमध्ये) जाणार.

रंधापटाशी

राउटर स्लेड. राउटर म्हणजे फिरत्या पात्याने लाकूड कोरायचं मशीन. दोन बाजूंना दोन सरळ पट्ट्या एका पातळीत, त्यांच्यावर सरकणारी एक चौकट आणि तिच्यात राउटर, खाली रुंद सपाट बिट. एका वेळी दीड-दोन मिमीपेक्षा जास्त घेऊ नका. राउटर नसेल तर रंधा आडवा आणि तिरका मारत जायचं, दोन्ही टोकांना दोन सरळ काठ्या ठेवून एका डोळ्याने बघायचं, काठ्या समांतर दिसल्या की पीळ गेला. मास्क लावा, फणसाचा भुसा नाकात फार झोंबतो.

पडवीतला

आणि टेबलाचा वरचा भाग पायांना फेविकॉल आणि स्क्रूने घट्ट बसवून टाकायचा ना?

सुरंगी

नाही नाही! घट्ट बसवलात तर पावसाळ्यात फुगेल, उन्हाळ्यात आकसेल आणि मध्ये तडा जाईल. खालच्या आडव्या पट्टीत स्क्रूची भोकं रुंदीच्या दिशेने लांबट करा, मधला स्क्रू घट्ट, कडेचे वॉशर लावून सरकते. गोंद फक्त पायांच्या खाच-कुसूच्या सांध्यात.

फिनिशला मी तरी बॉइल्ड लिनसीड ऑईल (जवसाचं तेल) आणि वरून मेण एवढंच करते, ओरखडा पडला तर परत पुसून घेता येतं. पातळ हात, जास्तीचं पुसून काढायचं, दोन हातांमध्ये दिवसभर जाऊ द्यायचा. आणि हे कोणी सांगत नाही, त्या तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकायची नाहीत. हवेशी लागून ती आपोआप तापतात आणि पेटतात. पाण्यात बुडवा नाहीतर अंगणात सुटी पसरून वाळू द्या. तुमच्या गोठ्यात तर शेजारीच दोन वर्षांचा कोरडा ढीग असणार.

पडवीतला

नोंद केली. पंखा लावलाय, एक लहान फळी खूण करून काट्यावर टाकलीय, १४ किलो ३०० भरली. बेचक्याचे दोन तुकडे जास्तीचे आहेत, पाटाला नको, फार जाड आणि वेडेवाकडे आहेत. त्याचं काय करता येईल?

माडाचीवाडी

विळयेचो पाट कर. आवशीक (आईक) दी.

ऐनकिंजळ

आणि टेम्पोत टाकायच्या आधी पास.